कुवेती

पोलीस शिपायानं नाक्यावर मोटारसायकल लावली आणि पानटपरीवर विचारलं, "रंजिता तुळशीराम घरत कुठं राहतात?"

टपरीवर चार-पाच जण उभे होते. सगळे याच गावचे, जुनं गाव विमानतळासाठी उठलं तेव्हा एकाच टेम्पोतून सामान घेऊन इथं आलेले. तरी एकालाही नाव लागेना.

"घरत तं अर्धा गाव हाय, साहेब. बापूस काय करतो?"

"काय करतो ते नाही लिहिलं. तुळशीराम घरत. वय झालेलं आहे."

"आरं, कुवेतीला इचारतायत ते," एकाच्या डोक्यात उजेड पडला. "कुवेतीचं घर असं बोला ना, साहेब. ह्या गल्लीनं सरळ जा. निळा दरवाजा हाय."

"कुवेती का म्हणता?"

"कुवेतला जल्माली म्हणून. दुसरं काय?"

शिपायानं फाईल उघडून एक कागद पाहिला आणि पुन्हा बंद केली. गावात नाव एकदा पडलं की ते सरकारच्या बापालाही पुसता येत नाही, हे त्या पोराला ठाऊक नसावं. तो साताऱ्याकडचा होता, नवाच पनवेलला बदलून आलेला. त्याला फक्त एवढंच कळलं, की अर्जात एक लिहिलंय आणि गाव दुसरंच सांगतंय.

तुळशीराम ओट्यावर पाग विणत बसला होता. खाडीत जायचे त्याचे दिवस सरले होते. जिथं पाग फेकायचा ती खाडीही भरावाखाली गेली होती, पण हाताला चाळा हवा म्हणून तो जाळं विणायचा, पुरं झालं की कुणाला तरी देऊन टाकायचा आणि नवं धरायचा. दारात पोलीस बघून दुसरा कुणी बिचकला असता. तुळशीरामला आनंद झाला. बऱ्याच दिवसांत कुणी नवा ऐकणारा मिळाला नव्हता.

"या, साहेब, बसा. गोदू, सुलेमानी टाक," त्यानं आत बायकोला हाक दिली. "बिनदुधाचा च्या, साहेब. तिकडं तसाच पितात. शिकून आयलोय मी."

"तिकडं म्हणजे?"

एवढंच पुरे होतं. तुळशीरामनं पाग खाली ठेवला. शेखाची गाडी कशी लांबलचक होती, वाडीच्या रस्त्यात वळली नसती, इथून त्यानं धरलं. तो गाडी चालवायचा, गोदू त्याच घरात स्वैपाकाला होती. पोरगी झाली ती मोठ्या हॉस्पिटलात. भट्टीसारखं ऊन बाहेर, आणि आत पांघरूण घ्यावं लागत होतं. पोरगी दोन महिन्यांची झाली आणि इराकची फौज घुसली. शेख रातोरात पळाला, आणि ह्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात राहिले. मग बस, मग वाळवंट, मग तंबू, आणि शेवटी सरकारनं पाठवलेलं विमान.

"मांडीवर घेऊन बसलेलो तिला," तुळशीराम म्हणाला. "सगळं विमान रडत व्हतं, साहेब, आनि ही झोपलेली. यल्ला, चल, मुंबय आयली, म्हटलं, ऊठ."

डोक्यावरून विमान गेलं. तुळशीरामनं मान वर करून डोळे बारीक केले. "हे मस्कतला चाललं," तो म्हणाला. ते मस्कतला चाललं होतं की नागपूरला, हे देव जाणे. पण येईल त्या विमानाचं गाव सांगायची त्याची जुनी खोड होती, आणि त्याला खोटं पाडायला कुणी वर जात नव्हतं.

"काका," शिपाई म्हणाला, "अर्जात जन्मठिकाण पनवेल तालुका लिहिलंय."

"त्यो शाळेचा दाखला. तिच्या आज्यानं लिवलेला."

"मग खरं कुठलं?"

"खरं मी सांगतोय ना तुमाला," तुळशीराम म्हणाला.

रंजिता घरी आली तेव्हा शिपाई चहाचा कप खाली ठेवत होता. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. खानावळीतलं शेवटचं काम आटोपून ती आली होती, आणि खानावळीचा मालक बळीराम याच्या हातावर पेढा ठेवून आली होती, की आता विमानतळावर लागले, उद्यापासून येणार नाही. शिपायानं पेढा घेतला नाही. "रिपोर्ट वर जाईल," एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारली.

"चांगला मानूस व्हता," तुळशीराम म्हणाला. "सगळं नीट ऐकून घेतलान."

रंजितानं बापाकडं बघितलं आणि काय झालं असेल ते तिला उभ्या जागी कळलं.

*

ज्यांची जमीन गेली त्या घरातली माणसं कामावर घ्यायची, असं एका ठेकेदार कंपनीनं कबूल केलं होतं. काम विमानतळाच्या आत, फरशी धुवायचं यंत्र चालवायचं. कायमचं, सावलीतलं. रंजिता मुलाखतीत पहिल्या फेरीत निवडली गेली होती. पण आत जायला पास लागतो, आणि पासाला पोलिसांचा रिपोर्ट.

कंपनीच्या ऑफिसात सुनीता मॅडम बसायच्या. वाईट बाई नव्हती. पाणी विचारलं, पंखा रंजिताकडं वळवला.

"हे बघा, तुमच्यावर कोणाचा डाऊट नाहीये. पण रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. फॉर्ममध्ये जन्म पनवेलचा आणि वडील सांगतात कुवेत. आता तुम्ही इंडियन सिटिझन आहात याचं काहीतरी प्रूफ लागेल."

रंजितानं पिशवीतून आधार काढलं, मतदानाचं कार्ड काढलं, रेशनकार्ड काढलं.

"हे नाही चालत हो सिटिझनशिपला. तिकडचं बर्थ सर्टिफिकेट? आईवडिलांचे पासपोर्ट?"

"ते शेखाच्या कपाटात राहिले."

सुनीता मॅडमनी पेन थांबवून तिच्याकडं पाहिलं. थट्टा करतेय का, असं वाटलं असावं.

"मॅडम," रंजिता म्हणाली, "तुमचं हे ऑफिस हाय ना, हितं आमच्या शेजाऱ्याचं खाचर व्हतं. त्याच्या पलीकडं आमचं. आमची जमीन घेताना कुनी इचारलं नाय, तुमी कुठले म्हणून."

"हो, ते इथे सगळेच सांगतात," मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरोखरच रोज ऐकत असतील. "महिनाअखेरपर्यंत मी तुमची जागा होल्ड करते. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवसापासून बापलेक हिंडायला लागले. शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, जन्मठिकाण बदलायचं तर मूळ पुरावा आणा. तहसीलला गेले. तिथल्या खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडं पाठवलं आणि दुसरी खिडकी जेवायला गेली होती. एका वकिलानं ऐकून घेतलं आणि मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसचा पत्ता दिला. तिथल्या माणसानं कुवेतला लिहावं लागेल म्हटलं, किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही म्हटलं. प्रत्येक ठिकाणी तुळशीराम पुढं व्हायचा आणि शेखाच्या गाडीपासून सुरुवात करायचा. गाडी वाळवंटात पोचायच्या आत खिडकीतून आवाज यायचा, "आजोबा, बाजूला व्हा. नेक्स्ट."

"अर्धंच ऐकतात," तो बाहेर येऊन म्हणायचा. "पुरं ऐकलं तं समजंल."

रंजिता उन्हात त्याच्या पुढं भराभर चालायची, मग थांबायची, मग तो मागून येईपर्यंत पायाची बोटं चपलेत आवळत उभी राहायची. बापाचा राग यावा आणि रागाची लाज वाटावी, असं तिचं चाललं होतं. रात्री जेवण जात नव्हतं. भांडी घासायला घेतली की मध्येच उठून दाराची कडी बघून यायची.

नोकरीची बोंब आधीच गावभर झाली होती, त्यामुळे नोकरी अडल्याचीही झाली. पाण्याच्या टाकीवर कुणीतरी म्हणालं, "कुवेतीला परत कुवेतला पाठवनार म्हणं." बायका हसल्या. रंजिताही हसली, कारण न हसणं जास्त महागात पडलं असतं. लहानपणापासून ह्या नावानं तिचं डोकं फिरायचं. चिरनेरला दिली होती, तिथंही नाव तिच्या आधी पोचलं. वर्षाच्या आत ती नवऱ्याचं घर सोडून आली. नवऱ्याचं नाव तिथंच टाकून आली, हे नाव मात्र काही सुटलं नाही.

घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पुन्हा बळीरामच्या खानावळीत जाऊन उभी राहिली.

खानावळ उलव्यात, चहूबाजूंनी उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या मध्ये होती. दुपारी कामगारांची झुंड यायची. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच पाण्याच्या हातानं मळायची, परातीत थापायची आणि न फाटता तव्यावर उतरवायची. थोडी थंड झाली की भाकरी चिरते, म्हणून चटका सोसतच मळावी लागते. रंजिताची भाकरी कडेपर्यंत सारखी असायची. पण तिच्या जागेवर बळीरामनं दुसरी बाई घेतली होती.

"पेढा दिलास ना मला," बळीराम म्हणाला. गल्ल्यावरून उठला नाही. "आता तव्यावर ती हाय. तुला मागं बसावं लागंल. म्हावरं साफ करायचं नि भांडी."

"चालेल."

"पेढा चांगला व्हता पन," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

ती मागच्या अंगणात पाटावर बसली. समोर बांगड्यांचं घमेलं. खवले नखात जात होते, माश्या हटत नव्हत्या. वरून सिमेंटची धूळ खाली येत होती, ती बांगडे पुन्हा धुवायला लावायची. आतून नव्या बाईच्या थापण्याचा आवाज येत होता. हात जड होता तिचा, रंजिताला आवाजावरून कळत होतं, भाकरी मधे जाड राहणार. कळून उपयोग काही नव्हता. तिनं घमेलं ओढून घेतलं आणि पुढचा बांगडा उचलला.

*

केतन तिचा चुलत भाऊ. जागा दाखवायचा, दाखले काढून द्यायचा, निवडणुकीत झेंडे लावायचा. कुठलंही काम अडलं की गाव त्याच्याकडं जायचं आणि मागं त्याला शिव्याही द्यायचं. महिना सरत आला तसा तो स्वतःच आला. खुर्चीवर बसला, फोन उलटा ठेवला.

"ताय, तू उगाच लांबनं घास घेतेस. कुवेतचा कागद येईपर्यंत तुजी जागा दुसऱ्याला गेलेली आसंल. शाळेचा दाखला काय बोलतो? जन्म पनवेल. मग तोच धरायचा. गावात जन्मली असा दाखला मी आणतो. अडचन एकच हाय." त्यानं तुळशीरामकडं बघितलं. "काका, तुमी."

"मी काय?"

"तुमी पोलिसाला बोललात ना. ते पुसायला पायजे. एक प्रतिज्ञापत्र करायचं. वय झालंय, इसरायला व्हतं, कायबाय बोलतो, असं. कुवेतला कदी गेलोच नव्हतो. दोन ओळींचा प्रश्न हाय."

तुळशीरामच्या हातातली पागाची सुई थांबली. "मला इसरायला व्हतं?"

"कागदावर हो, काका."

मग बोलली ती गोदू. ती सहसा पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालत नसे. दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, लसूण सोलत.

"खोटं कुटं हाय त्यात?" ती म्हणाली. "तिकडून निगालो तवा भांडी टाकली, कपडे टाकले. नाळ नाय टाकली मी. सुकली व्हती, तंबाखूच्या डबीत घातली नि छातीशी ठेवली. वाळवंटात एका शिपायानं डबी उघडायला लावली. बघितलंन, झाकण लावलंन नि परत दिलीन. हितं आणून उघाडीच्या बांधाला पुरली ती. मामंजींनी शाळेत तेच लिवलं. नाळ पुरली तिथला जलम, आपल्यात आसंच हाय. मंग ती हितलीच ना?"

"बघा," केतन म्हणाला. "काकी बरोबर बोलतायत."

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात आत-बाहेर करायची फळ्यांची दारं. ती घरतांच्या बांधावर होती. आता तिथं धावपट्टी आहे. गोदूला ते माहीत होतं, आणि विमान उतरताना ती कधी वर बघायची नाही, खाली बघायची.

तुळशीरामनं रंजिताकडं पाहिलं. नको म्हण, असं तो म्हणत नव्हता. ती काय म्हणते, एवढंच बघत होता. रंजिताला नोकरी हवी होती. ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. पाणी पिऊन झाल्यावरही माठाजवळ उभी राहिली. बाहेर यायला तिनं मुद्दाम वेळ लावला, आणि ती आली तोवर बापानं होकार दिलेला होता.

"यल्ला," तो म्हणत होता. "करून टाका. खलास."

*

पनवेलला कोर्टाच्या बाहेर रस्त्याकडेला टेबलं मांडून नोटरीवाले बसतात. केतनच्या ओळखीचा एक होता. त्यानं टाइप केलेला कागद मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून दाखवायचा नियम असावा, किंवा त्याला स्वतःचा आवाज आवडत असावा.

"मी, तुळशीराम बाळू घरत, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी मुलगी रंजिता हिचा जन्म राहत्या घरी झालेला आहे. वृद्धापकाळामुळे माझ्या स्मरणशक्तीवर परिणाम झालेला असून, मी पोलीस अंमलदारांसमोर केलेले कथन चुकीचे व काल्पनिक आहे. मी आजपावेतो कधीही भारताबाहेर गेलेलो नाही."

बाजूच्या टेबलावरचे दोघं-तिघं ऐकत होते. एकानं तुळशीरामकडं वळून बघितलं, वेडसर माणसाकडं बघतात तसं.

"कदीच नाय, आसं?" तुळशीरामनं विचारलं.

"आजपावेतो कधीही," नोटरी म्हणाला. "इथं सही."

"एखादं वरीस... आसं नाय लिवता येणार?"

"बाबा," रंजिता म्हणाली.

त्यानं सही केली. सही झोकदार होती, शेखाकडं पगार घेताना करायचा तशी, खाली एक लांब रेघ. रेघ अर्ध्यात सोडून त्यानं पेन खाली ठेवलं. रंजितानं कागद उचलला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला. त्या क्षणी तिला हलकं वाटलं होतं. हे नंतर आठवून तिला फार वाईट वाटायचं, पण तेव्हा हलकं वाटलं होतं हे खरं.

परत येताना रिक्षात तुळशीराम मधे बसला होता. विमान इतकं खालून गेलं की रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. तुळशीराम आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिला.

कागद कंपनीत दिला आणि दोन दिवसांनी तोच शिपाई पुन्हा आला. आता नाक्यावर कुणी कुवेतीचं नाव घेतलं नाही. केतननं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि गाव कितीही टवाळ असलं तरी अशा वेळी तोंड मिटतं. सगळ्यांनी न चुकता "रंजिता घरत ना? निळा दरवाजा," असं म्हटलं.

"काका," शिपाई म्हणाला, "मुलीचा जन्म कुठला?"

"घरातला. हितलाच. जुन्या गावचा."

"मागं कुवेत म्हणाला होता."

"डोकं चालत नाय, साहेब. कायबाय बोलतो मी."

शिपायानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. आतल्या दारात गोदू होती, ओट्याच्या पायरीशी रंजिता. "चहा?" गोदूनं विचारलं. "दुधाचा करते."

"नको, मावशी," तो म्हणाला. त्यानं लिहून घेतलं. निघताना ओट्यावरच्या पागाकडं बघून म्हणाला, "काका, जाळं मात्र एकसारखं विणलंय," आणि खाली मान घालून गाडीकडं गेला. त्याला कळलं होतं की नाही, हे रंजिताला पुढं कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

*

पास मिळाला. गळ्यात अडकवायची निळी पट्टी, पट्टीला फोटो. रंजिता यंत्रावर हात ठेवून पांढऱ्या फरशीवरून जायची, मागं ओला पट्टा पडत जायचा आणि वळून येईपर्यंत वाळलेला असायचा. हवा गार होती. पहिले काही दिवस नखातला बांगड्यांचा वास जात नव्हता, म्हणून ती हात पाठीमागं धरून उभी राहायची. काचेतून धावपट्टी दिसायची. आपली उघाडी कुठं असेल याचा तिनं अदमास घ्यायचा प्रयत्न केला, पण गावामागचा डोंगरच भरावासाठी कापून नेलेला, तर दिशा कशावरून धरणार.

मात्र चैन पडत नव्हतं. गेटवर पास यंत्राला लावताना रोज वाटायचं, आज लाल दिवा लागणार, आज कुणीतरी म्हणणार, जरा बाजूला या. शेजारच्या बायका जन्मगावाच्या, माहेराच्या गप्पा मारायला लागल्या की ती यंत्राचं पाणी बदलायला जायची.

एका विमान कंपनीच्या काउंटरवर रुचिरा नावाची मुलगी होती, पुण्याची. रंजिताशी बोलायची. एकदा चहाच्या वेळी पासावरचे फोटो कसे भुतासारखे येतात, यावरून गोष्ट निघाली.

"माझ्या पासला तर आधी टेन्शनच होतं," रुचिरा म्हणाली. "माझा जन्म मस्कतचा ना."

रंजिताच्या हातातला कप थबकला. "मंग काय लिवलंत?"

"मस्कत. जे आहे ते."

"आडवलं नाय?"

"का अडवतील? आई-बाबा इंडियन आहेत. बाहेर जन्मले म्हणून मी काय ओमानची होते? एम्बसीत नोंद होती, ती दिली."

"आनि नोंद नसती तं?"

"तर हेलपाटे." रुचिरानं बिस्किट बुडवलं. "आमच्या शेजारच्या काकांनी मुलाची केलीच नव्हती. मग काकांचे जुने रेकॉर्ड, त्यांचा शाळेचा दाखला, कामावरच्या लोकांचे जबाब असं बरंच काय काय दिलं. वर्ष गेलं असेल. पण झालं. का हो?"

"काय नाय," रंजिता म्हणाली. "असंच."

त्या दिवशी तिनं यंत्र दोनदा त्याच जागेवरून फिरवलं. वर्षभर थांबायला तिच्याकडं काय होतं? जागा गेली असती, ती बांगडे साफ करत बसली असती. हे सगळं ती स्वतःला सांगत होती आणि ते सगळं खरंही होतं. तरी तिला डोळ्यापुढं दिसत होता तो बाप, प्रत्येक खिडकीशी पुढं होणारा. पुरं ऐकलं तर समजेल, म्हणायचा. बरोबर म्हणत होता म्हातारा. त्याचं जे खरं होतं त्याच्यावरच काम झालं असतं, आणि आपण त्याला त्याच्याच तोंडानं ते थुंकायला लावलं.

संध्याकाळी ती जवळजवळ पळतच घरी आली. तुळशीराम ओट्यावर होता. सही करून आल्यापासून त्यानं सुलेमानी सोडली होती, दुधाचा चहा प्यायचा. बोलण्यात यल्ला नाही, खलास नाही. नाक्यावर बसायला जायचा नाही, कारण तिथं कुणी ना कुणी कुवेतचं काढायचंच. पाग मात्र विणत होता. पूर्वी विणताना तोंड चालायचं, आता नुसते हात चालायचे. गोदू एकदा म्हणाली होती, घरात मानूस हाय का नाय तेच समजत नाय.

रंजिता त्याच्या शेजारी टेकली. पास अजून गळ्यातच होता.

"बाबा, आमच्याकडं एक पोरगी हाय कामाला. मस्कतला जल्माली. कागदावर तसंच लिवलंय तिनं. काय नाय झालं. चालतं तसं."

"बरं," तुळशीराम म्हणाला.

"म्हंजी तुमी सांगितलंत ते बरोबरच व्हतं. आपण त्यो कागद नीट करून घेऊ. वरीस लागंल, लागू दे. मी करीन." "तुमी शेखाच्या गाडीचं सांगा ना. लई दिवस झाले. ती वाडीच्या रस्त्यात वळली नसती ते."

तुळशीरामनं सुई जाळ्यात खोवून ठेवली. आधी गल्लीच्या ह्या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला. मग तिच्या गळ्यातला पास हातात घेतला, त्याच्यावर पडलेली धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तो तिच्या पदराआड नीट सारून ठेवला.

"हळू बोल, बाय," तो म्हणाला. "कुनी ऐकंल."

"ऐकू दे ना, बाबा."

घरांच्या वरून विमान निघालं, दिवे लावलेलं, पोट खाली दिसत होतं. ओट्यावरचा पेला थरथरला. आतून गोदू दारापर्यंत आली आणि खाली जमिनीकडं बघत उभी राहिली. रंजितानं मान वर केली आणि लहानपणी विचारायची तसं विचारलं, "बाबा, हे कुटं चाललं?"

तुळशीरामनं वर बघितलं नाही. सुई पुन्हा हातात घेतली.

"मला काय ठावं," तो म्हणाला. "मी कदी बसलोय इमानात?"